माचनूरचा रेडिओ दहा वर्षं का थांबला?

माचणूर म्हटलं की सोलापूरकडच्या माणसाला भीमेकाठचं सिद्धेश्वराचं देऊळ आठवतं. हे ते माचणूर नव्हे. आपल्याला जायचंय ते माचनूर राज्याची हद्द ओलांडून पलीकडे आहे. सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागलं की नळदुर्ग, उमरगा, मग कर्नाटकातलं हुमनाबाद आणि त्यानंतर जहीराबाद लागतं. पस्तापूर आणि माचनूर ही गावं त्या जहीराबादच्या अवतीभवती. तेव्हा जिल्हा मेदक आणि राज्य आंध्र प्रदेश होतं. आता जिल्हा संगारेड्डी आणि राज्य तेलंगण.

या माचनूरमध्ये १९९८ च्या सुमारास युनेस्कोच्या मदतीनं रेडिओचा स्टुडिओ उभा राहिला. रेकॉर्डिंगची यंत्रं आली. ती चालवायला कुणी शहरातले इंजिनिअर बोलावले नाहीत. आसपासच्या गावांतल्या दलित शेतमजूर कुटुंबांतल्या मुली ते काम शिकल्या. कार्यक्रम तयार व्हायला लागले. आणि हे स्टेशन पहिल्यांदा हवेत गेलं ते १५ ऑक्टोबर २००८ या दिवशी.

मधली दहा वर्षं काय झालं? यंत्र बिघडलं नव्हतं, माणसं पांगली नव्हती. परवाना नव्हता, एवढंच. हे "एवढंच" नीट समजून घेतलं तर आपल्या देशात गावाचा रेडिओ इतका उशिरा का आला, आणि आला तोही इतका हात आखडून का, याचा बराचसा उलगडा होतो.

गंमत अशी की माचनूरच्या बायका परवान्याची वाट बघत होत्या, त्याच काळात बिहारमधल्या एका तरुणानं कुणालाच काही न विचारता रेडिओ स्टेशन काढलंसुद्धा. वैशाली जिल्ह्यातलं मन्सूरपूर हे त्याचं गाव, राघव महतो त्याचं नाव. गावात त्याचं प्रिया इलेक्ट्रॉनिक्स नावाचं दुरुस्तीचं दुकान होतं. शाळेचं शिक्षण जेमतेम, पण रेडिओ खोलून-जोडून हात तयार झालेला. २००३ मध्ये त्यानं सुमारे पन्नास रुपयांत ट्रान्समीटर जुळवला, जवळच्या तीनमजली दवाखान्याच्या गच्चीवर बांबू उभा करून त्याला अँटेना बांधली आणि 'राघव एफएम मन्सूरपूर १' सुरू झालं. गाणी, हरवलेल्या माणसांचे निरोप, पोलिओ-एड्सची माहिती. २००६ च्या फेब्रुवारीत बीबीसीनं त्याची बातमी केली. जगभर कौतुक झालं आणि मार्चमध्ये सरकारी माणसं येऊन स्टेशन बंद करून गेली. कौतुक एवढं महागात पडलेलं दुसरं उदाहरण मला तरी चटकन आठवत नाही.

म्हणजे पन्नास रुपयांत जे होतं, त्यासाठी माचनूरला दहा वर्षं लागली. मग परवाना म्हणजे निव्वळ सरकारी अडवणूक होती का? पूर्णपणे तशीही नव्हती. त्यासाठी आधी लहरींकडे जाऊ.

हवेतली जागा

माचनूरचं स्टेशन लागतं ९०.४ मेगाहर्ट्झवर. म्हणजे काय? अँटेनातल्या विजेचे सेकंदाला नऊ कोटी चार लाख हेलकावे. या हेलकाव्यांतून जी लहर निघते तिची लांबी भरते सुमारे ३.३ मीटर. अँटेना या लांबीच्या चौथ्या हिश्शाएवढी, म्हणजे पाऊण मीटरहून थोडी जास्त असली तरी काम भागतं. बऱ्याच मोबाइलवर इअरफोन खुपसल्याशिवाय एफएम लागत नाही, ते याचसाठी. इअरफोनची वायर हीच तिथे अँटेना असते. वायर गुंडाळून मुठीत धरा, खरखर सुरू होईल. सरळ लोंबू द्या, आवाज बऱ्याचदा सुधारतो.

एफएममध्ये आपला आवाज या लहरीवर चढतो तो तिची उंची कमीजास्त करून नाही, तर हेलकाव्यांचा वेग किंचित इकडेतिकडे करून. विजेच्या कडकडाटानं किंवा मोटारीच्या ठिणगीनं लहरीची उंची बिघडते, वेग फारसा बिघडत नाही. म्हणून जुन्या मध्यम लहरींच्या रेडिओवर पावसाळ्यात जे कडाडायचं, ते एफएमवर होत नाही.

एफएमची आणखी एक खोड आहे, आणि गावच्या रेडिओसाठी तीच वरदान ठरली. एकाच ठिकाणी एकाच फ्रिक्वेन्सीची दोन स्टेशनं पोचत असली, तर रेडिओ दोघांची खिचडी करत नाही. ज्याची लहर जोरकस त्याला धरतो, दुसऱ्याला जवळजवळ गिळून टाकतो. मुंबई-पुणे रस्त्यावर याचा अनुभव घेता येतो. रेडिओ मिरची दोन्ही शहरांत ९८.३ वरच आहे. मुंबईहून निघालात आणि बटणाला हात लावला नाहीत, तर घाट चढताना एका वळणावर गाण्याची एक ओळ तुटते आणि भलत्याच गाण्याची ओळ सुरू होते. पुढच्या वळणावर परत पहिलं गाणं. थोडा वेळ ही ओढाताण चालते आणि मग पुणं जिंकतं.

देशातली कितीतरी गावं एकट्या ९०.४ वर सुखानं नांदू शकतात ती यामुळेच. ताकद कमी ठेवायची, अंतर राखायचं, की प्रत्येकाला आपापल्या परिसरात आपलंच स्टेशन ऐकू येतं.

ताकद किती कमी? सामुदायिक रेडिओच्या, म्हणजे लोकांनी आपल्याच परिसरासाठी चालवलेल्या कम्युनिटी रेडिओच्या ट्रान्समीटरला नेहमीची मुभा ५० वॅटची. घरातला साधा छताचा पंखा याहून जास्त वीज खातो. अँटेना ही ताकद वर आकाशात वाया न घालवता आडवी फेकते, टॉर्चची वाटी उजेड पुढे फेकते तशी. त्यामुळे परिणाम १०० वॅटपर्यंत धरला जातो, आणि तीच नियमातली नेहमीची मर्यादा. दुसऱ्या टोकाला नागपूरचा आकाशवाणीचा मध्यम लहरींचा महाप्रक्षेपक एक हजार किलोवॅटचा. माचनूरसारखी वीस हजार यंत्रं एकत्र केली तर एक नागपूर होईल.

पण एफएमला ताकदीपेक्षा उंचीची गरज जास्त. या लहरी बऱ्याचशा नजरेसारख्या चालतात. मध्ये डोंगर आला की अडकतात. पुण्याहून साताऱ्याला जाताना कात्रज ओलांडलं की पुण्याची स्टेशनं गळायला लागतात ती याच कारणानं. सपाट मुलखात लहर किती लांब "पाहू" शकते याचा एक सोपा हिशोब आहे: अँटेनाच्या मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढायचं आणि त्याला साधारण चारनं गुणायचं. ३० मीटरचा मनोरा असेल तर साडेपाच चोक बावीस, म्हणजे बावीसेक किलोमीटर. पल्ला दुप्पट हवा असेल तर मनोरा दुप्पट करून भागत नाही, चौपट करावा लागतो. नियमात मनोऱ्याची कमाल उंची ३० मीटरच आहे आणि असं केंद्र ५ ते १० किलोमीटरच्या परिसरासाठी आहे असं धरलेलं आहे. जहीराबादकडचं दख्खनचं पठार बऱ्यापैकी सपाट, त्यामुळे तिथे आवाज त्यापलीकडेही जातो. हेच यंत्र कोकणात एखाद्या खोलगट गावात बसवलं तर पलीकडच्या वाडीलाही ऐकू जाईलच असं नाही.

आता परवान्याचा मुद्दा. एफएमचा पट्टा १०८ मेगाहर्ट्झला संपतो आणि लगेच वरचा पट्टा विमानांचा सुरू होतो. आधी दिशादर्शक यंत्रणा, मग वैमानिकांचं बोलणं. पन्नास रुपयांच्या ट्रान्समीटरला गाळण्या नसतात. तो ठरलेल्या फ्रिक्वेन्सीबरोबर आजूबाजूलाही लहरी सांडत असतो. दोन गावांत दोन राघव असते आणि दोघांनी एकच जागा धरली असती, तर मधल्या गावाला धड एकही ऐकू आलं नसतं. हवेतली जागा मर्यादित आहे, ती कुणीतरी वाटून द्यायलाच हवी, इथवर सगळं रास्त आहे.

वाटप करणं वेगळं आणि मालकी सांगणं वेगळं. आपल्याकडे गाडी अडली ती तिथे.

तारेचा कायदा, बिनतारी रेडिओ

ज्या कायद्यानं माचनूरला अडवलं तो १८८५ चा, इंडियन टेलिग्राफ ॲक्ट. मार्कोनीचे बिनतारी संदेशाचे प्रयोग त्यानंतर दहा वर्षांनी सुरू झाले, म्हणजे कायदा झाला तेव्हा रेडिओ जन्मलाही नव्हता. तारयंत्र चालवण्याचा एकाधिकार सरकारचा, असं त्यात लिहिलेलं. पुढे रेडिओही त्याच छत्रीखाली आला. १८५७ आठवणीत असलेल्या इंग्रज सरकारला तारा आपल्याच ताब्यात का हव्या होत्या, हे वेगळं सांगायला नको. पुढे १९४२ च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत जागा बदलत-बदलत ४२.३४ मीटरवर गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. नोव्हेंबरमध्ये तो पकडला गेला, उषाबेन तुरुंगात गेल्या.

स्वातंत्र्य आलं, कायदा मात्र तोच राहिला. प्रसारण म्हणजे आकाशवाणी, दुसरं काही नाही. हे 'आकाशवाणी' नाव मात्र सरकारी नाही बरं का. १९३५ मध्ये मैसूरला एम. व्ही. गोपालस्वामी नावाच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी आपल्या घरातून छोटासा, ३० वॅटचा ट्रान्समीटर लावून रेडिओ केंद्र सुरू केलं होतं. त्या केंद्राचं नाव आकाशवाणी. एका प्राध्यापकाच्या घरातल्या हौशी स्टेशनचं नाव पुढे देशानं घेतलं, पण तसं स्टेशन घरातून काढायची मुभा काही कुणाला राहिली नाही.

आकाशवाणीनं लहान गावांसाठी काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. १९८४ मध्ये तमिळनाडूत नागरकोईलला पहिलं 'स्थानिक केंद्र' निघालं आणि पुढे आपल्याकडेही बीड, धुळे, सातारा अशा ठिकाणी एफएम केंद्रं आली. जिल्ह्यातले कलाकार, जिल्ह्यातले शेतकरी तिथे बोलले. पण केंद्र चालवणारा माणूस बदलीवर आलेला सरकारी नोकर, आणि काय बोलायचं हे ठरणार त्याच्या टेबलावर. माचनूरच्या बायकांना नेमकं हेच टेबल आपलं हवं होतं.

पिशवीतला रेडिओ

या बायका डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेच्या गावोगावच्या 'संघम्'च्या सदस्य. संघम् म्हणजे आपल्याकडे बचत गटाच्या, महिला मंडळाच्या बैठका होतात तशी दलित शेतकरी-शेतमजूर बायकांची गावपातळीवरची सभा. रेडिओला 'संघम रेडिओ' नाव पडलं ते त्यावरून. संस्थेच्या संस्थापकांपैकी पी. व्ही. सतीश हे आधी दूरदर्शनमध्ये कार्यक्रम-निर्माते होते, त्यामुळे कॅमेरा आणि माईक गरिबाच्या हाती दिला तर काय होतं याची त्यांना जाण होती. मार्च २०२३ मध्ये ते गेले.

संघम्‌च्या कामाचा गाभा बियाण्याचा. बरड, लाल मातीत ज्वारी, बाजरी, राळं, तूर, मूग अशी दहा-वीस पिकं एकाच वावरात मिसळून पेरायची, बी घरातच राखायचं आणि शेजारणीला उसनं द्यायचं. हे ज्ञान छापील नव्हतंच, बोलण्यात होतं. कुठल्या नक्षत्रावर काय टाकायचं, बी राखेत ठेवायचं की कडुनिंबाच्या पाल्यात, हे म्हातारीच्या तोंडून ऐकायचं. अशा ज्ञानाला पुस्तकापेक्षा रेडिओच जास्त मानवतो. आणि बोली कुठली? हैदराबादच्या बातम्यांतली प्रमाण तेलुगू नव्हे, तर उर्दू-कन्नड मिसळलेली, शहरात हसू होणारी तिथली तेलुगू. आपल्याकडे उदगीर-देगलूरकडच्या मराठीचं पुण्यात जे होतं तेच.

स्टेशन सांभाळणाऱ्या दोघींचं नाव एकच, नरसम्मा. म्हणून एक 'जनरल' नरसम्मा आणि दुसरी 'अल्गोल' नरसम्मा. त्या माईक घेऊन गावोगाव जायच्या, गाणी, गप्पा, भांडणं, औषधं, पेरणीच्या आठवणी टेपवर घ्यायच्या आणि माचनूरला आणून कापून-जोडून कार्यक्रम करायच्या. मग तो कार्यक्रम जायचा कुठे? कॅसेटमध्ये. कॅसेट पिशवीत. पिशवी घेऊन कुणीतरी गावातल्या संघम्‌च्या रात्रीच्या बैठकीला. तिथे टेपरेकॉर्डर मध्ये ठेवून पंधरा-वीस बायका भोवती बसून ऐकायच्या. एवढ्या वर्षांत शेकडो तासांचं ध्वनिमुद्रण साठलं. हवेतून जायला मनाई होती म्हणून रेडिओ पायी हिंडत होता.

माझ्या मते या दहा वर्षांना वाया गेलेला काळ म्हणता येणार नाही. ऐकणाऱ्या बाया समोरच बसलेल्या, आवडलं नाही तर तिथल्या तिथे सांगायच्या. कुठल्याही मोठ्या स्टेशनला आपल्या श्रोत्याचा चेहरा इतका जवळून बघायला मिळत नाही. अर्थात हे आपण आज बसून म्हणायचं. ज्यांना रोज संध्याकाळी हवेत जायचं होतं, त्यांना त्याचं काय कौतुक असणार?

कायद्याच्या फटींतून वाट काढणारे आणखीही होते. कर्नाटकात कोलार जिल्ह्यात बुदिकोटे नावाचं गाव आहे, हैदर अलीचं जन्मगाव. तिथल्या 'नम्म ध्वनी'नं डोकं असं लढवलं: बिनतारी प्रसारणाला बंदी आहे ना, मग तार टाकू. केबल टीव्हीच्या तारेतून गावातल्या घरांत रेडिओ पोचवला. एकविसाव्या शतकात बिनतारी यंत्राला तार जोडायची वेळ आली, तीही तारेच्या कायद्यामुळे! गुजरातेत कच्छच्या महिला संघटनेनं वेगळी युक्ती केली. १९९९ पासून त्यांनी आकाशवाणीच्या भुज केंद्रावरचा वेळच विकत घेतला आणि कच्छी बोलीत आपला कार्यक्रम लावला.

जुलै २००० मध्ये पस्तापूरला युनेस्कोच्या पुढाकारानं एक बैठक झाली. तिथे जमलेल्यांनी मागणी मांडली: सरकारी आणि खासगी यांच्यासोबत प्रसारणाचा तिसरा प्रकार हवा, लोकांचा, नफ्यासाठी नसलेला. 'पस्तापूर इनिशिएटिव्ह' म्हणून तो मसुदा ओळखला जातो.

हीरो कप आणि न्यायमूर्ती सावंत

खरं तर कायद्याचं कुलूप त्याआधीच, १९९५ मध्ये, उघडलं होतं. आणि ते उघडलं क्रिकेटमुळे. १९९३ च्या हीरो कपचं थेट प्रक्षेपण बंगालच्या क्रिकेट संघटनेनं परदेशी कंपनीला विकलं. दूरदर्शनसोबत वाद पेटला, उपग्रहाशी जोडणी करू द्यायची की नाही यावरून अडवाअडवी झाली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ९ फेब्रुवारी १९९५ ला निकाल लागला. खंडपीठावर होते न्यायमूर्ती पी. बी. सावंत, एस. मोहन आणि बी. पी. जीवन रेड्डी. मुख्य निकालपत्र सावंतांचं.

निकालाचा गाभा सोपा आहे. रेडिओलहरी वाहून नेणारं हे अवकाश सार्वजनिक मालमत्ता आहे. ते सरकारच्या मालकीचं नाही, तसंच ज्याच्याकडे पैसा त्याच्याही मालकीचं नाही. मर्यादित आहे म्हणून त्याचं नियमन हवं, पण ते नियमन लोकहितासाठी, सार्वजनिक प्राधिकरणाकडून. गावाच्या तळ्याचा विचार करा. पाणीवाटपाला पाटकरी लागतो, पण म्हणून पाटकरी तळ्याचा मालक होत नाही.

निकाल आला आणि पुढे झालं काय? तळ्यातला पहिला पाट गेला मोठ्या शहरांकडे. लिलाव झाले आणि जुलै २००१ मध्ये बंगळूरला पहिलं खासगी एफएम सुरू झालं. लिलावात बोली लावणं माचनूरच्या बायकांच्या आवाक्यातलं नव्हतं. मग २००२ च्या अखेरीस सरकारनं सामुदायिक रेडिओचं धोरण आणलं, पण परवाना फक्त मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांना. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं केंद्र १ फेब्रुवारी २००४ ला सुरू झालं, देशातलं पहिलं. विद्यापीठाच्या आवारात माईक चालतो, शेतमजुरांच्या वस्तीत नको, असाच त्याचा अर्थ निघत होता. सरकारला भीती होती ती सुरक्षेची, फुटीरांच्या हाती माईक जाण्याची. काही भागांत ती निराधारही नव्हती. पण त्या भीतीपायी राळं-नाचणीवर बोलणाऱ्या बायकाही त्याच रांगेत उभ्या राहिल्या.

शेवटी नोव्हेंबर २००६ मध्ये धोरण बदललं आणि नफ्यासाठी काम न करणाऱ्या नोंदणीकृत संस्था, कृषी विद्यापीठं, कृषी विज्ञान केंद्रं यांना दार उघडलं. त्यानंतरही अर्ज, गृह आणि संरक्षण खात्यांची हरकत-नाहरकत, इरादापत्र, मनोऱ्याच्या जागेची मंजुरी, फ्रिक्वेन्सीचं वाटप, करार अशी वरात होतीच. माचनूरला त्यात आणखी दोन वर्षं गेली.

१५ ऑक्टोबर २००८ ला संघम रेडिओ ९०.४ वर हवेत गेला. संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला ग्रामीण महिला दिन त्याच वर्षी, त्याच तारखेला, पहिल्यांदा पाळला जात होता. उद्घाटनाला बोलावलं होतं न्यायमूर्ती सावंतांना. निवृत्त होऊन पुण्याला राहिलेल्या या मराठी न्यायाधीशानं तेरा वर्षांपूर्वी कागदावर जे लिहिलं, ते एका गावात खरं होताना त्यांना बघायला मिळालं. निकाल लिहिणाऱ्यांच्या वाट्याला हे क्वचित येतं.

प्रसारणाची वेळ ठरली संध्याकाळी सात ते नऊ. दिवसभर बायका रानात असतात. सातपर्यंत चूल पेटलेली असते, हात कामात आणि कान मोकळे. शहरातल्या स्टेशनांची कमाईची वेळ सकाळी कचेरीला जायच्या गाड्यांमधली. इथे ती भाकरी थापायची.

परवाना मिळाल्यावर

त्याच २००८ सालात आपल्याकडे साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला माणदेशी फाउंडेशननं ९०.४ वरच 'माणदेशी तरंग वाहिनी' सुरू केली. माण म्हणजे पाचवीला पुजलेला दुष्काळ, मेंढपाळ आणि ओव्या-गजी यांचा मुलूख. तिथेही पुण्या-मुंबईच्या रेडिओवर कधी न ऐकू येणारी बोली स्पीकरमधून आली. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रानंही आपली वाहिनी काढली. २०२४ च्या सुरुवातीला देशभरातल्या अशा केंद्रांची संख्या ४८१ वर गेली होती. आकडा बरा वाटतो, पण देशात गावं सहा लाखांच्या वर आहेत.

चालवायचं कसं, हा प्रश्न परवान्यानं सुटत नाही. २००६ च्या नियमात तासाला पाच मिनिटं जाहिरातींची मुभा होती. पुढे ती सात झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये बारा. सरकारी जाहिरातीचा दर त्याच वेळी दहा सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४ रुपये झाला. बारा मिनिटं म्हणजे दहा-दहा सेकंदांचे ७२ तुकडे, तासाला फार तर ५,३२८ रुपये. तेही प्रत्येक तुकडा विकला गेला तर. गावातलं किराणा दुकान, खताचा डीलर आणि मंगल कार्यालय सोडलं तर जाहिरात देणार कोण?

२०१२ मध्ये फ्रिक्वेन्सीचं वार्षिक शुल्क १९,७०० वरून एकदम ९१,००० रुपये करण्यात आलं. या छोट्या केंद्रांनी निषेध म्हणून काही काळ आपला आवाज बंद ठेवला आणि वाढ मागे घ्यावी लागली. बोलायला मिळावं म्हणून इतकी वर्षं झगडलेल्यांनी गप्प बसून भांडण जिंकलं.

आणि बातम्या? त्या आजही देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या लावता येतात, स्वतःच्या नाहीत. पाणीपुरवठा, वीज, परीक्षा, हवामान, जत्रा यांची माहिती चालते, ती 'बातमी' धरली जात नाही. म्हणजे नळाला पाणी किती वाजता येईल हे रेडिओ सांगू शकतो. ते तीन दिवस का आलं नाही असं ग्रामपंचायतीला विचारायला लागला, की बातमीच्या कुंपणाला हात लागतो. वर्तमानपत्रांना आणि टीव्हीला जे खुलं, मोबाइलवरच्या कुठल्याही चॅनेलला जे खुलं, ते पन्नास वॅटच्या रेडिओला बंद. याला पटेल असं कारण मला अजून सापडलेलं नाही. त्यातल्या त्यात पळवाट एकच: गाण्यातून, नाटुकल्यातून, म्हातारीच्या आठवणीतून सांगायचं. ते या बायकांना नव्यानं शिकवावं लागलं नाही. जात्यावर बसून घरातल्या माणसांची उणीदुणी काढायची रीत त्यांच्याकडे रेडिओच्या कितीतरी आधीची आहे.

राहिला मन्सूरपूरचा राघव. त्याचं स्टेशन बंद झालं मार्च २००६ मध्ये, धोरण बदललं नोव्हेंबरमध्ये. मध्ये फक्त आठ महिने. पण आठ महिने थांबला असता तरी त्याचा उपयोग नव्हता. परवाना संस्थेला मिळतो, व्यक्तीला नाही. आधी माणसं जमवून संस्था नोंदवायची, ती काही वर्षं चालवून समाजसेवेचं काम दाखवायचं, ती नफ्यासाठी नाही हे सिद्ध करायचं, मग अर्ज. दुरुस्तीच्या दुकानातल्या एकट्या माणसासाठी त्या अर्जात आजही रकाना नाही.